अक्कांच्या पट्टीवरचा दुसरा ठोका

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर वाचता वाचता मनातल्या मनात निदानही करत असते. झोपेत छातीवर कोणीतरी बसलं होतं... झोपेतला लकवा. अंगाला दरदरून घाम सुटला आणि डोळ्यांपुढे सावली आली... जेवलात कधी होता ते आधी सांगा. डॉक्टर माणूस असंच वाचणार, त्याला इलाज नाही. शिवाय आमचं घर जळगावच्या पिंप्राळ्यातलं, बौद्ध. उतारा, अंगात येणं, लिंबू-मिरची यातलं काही वडिलांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. अंधारात मी किंचाळले की ते म्हणायचे, "आधी कारण शोध, मग घाबरायचं की नाही ते ठरव." मी आयुष्यभर तसंच करत आले.

मग आज इथे मी कशाला? तर गेल्या महिन्यात माझ्याच डॉक्टरांनी मला ईसीजी काढून घ्यायला सांगितला आणि मी टाळलं. एकदा नाही, दोनदा. मुलगा फोनवर चिडला – "आई, तू लोकांचे हजारो काढलेस, स्वतःचा काढायला काय होतं?" त्याला काय सांगणार? जे त्याला सांगता आलं नाही ते इथे लिहिते आहे.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. शिक्षण धुळ्याला झालेलं, दवाखाना पिंप्राळ्यात, आणि आठवड्यातून एक दिवस मी पहूरला जाऊन बसायचे. तिकडे तेव्हा ईसीजीचं मशीन नव्हतं. म्हणून माझं मशीन – शिलाई मशीनच्या डोक्याएवढी जड पेटी – एसटीत मांडीवर घेऊन जायचे. कंडक्टर विचारायचा, "बाई, याचं लगेज लावू का?" मी म्हणायचे, "लाव, आणि उद्या तुझी छाती दुखली तर ये माझ्याकडे." मग तो लावायचा नाही.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. दोन्ही मनगटांना आणि दोन्ही घोट्यांना चिमटे लावायचे, छातीवर रबरी फुगा चिकटवायचा, आणि मशीनमधली तापलेली सुई गुलाबी चौकटींच्या कागदाच्या पट्टीवर हृदयाचा ठोका काढत जाते. एका ठोक्याचं चित्र तीन तुकड्यांचं – आधी छोटा उंचवटा, मग उभं टोक, मग बसकी टेकडी. टोक आणि टेकडी यांच्यामधली जागा वर उचललेली दिसली की हार्ट अटॅक. छोटा उंचवटाच नाही आणि टोकं वाटेल तशी, कधी जवळ कधी लांब, तर वरचे कप्पे नुसते थरथरताहेत. उंचवटे आपल्या चालीने आणि टोकं आपल्या चालीने, एकमेकांशी ओळखच नाही, तर वरून खाली जाणारा निरोप अडलाय – हार्ट ब्लॉक. धुळ्याचे आमचे सर म्हणायचे, पट्टी नुसती वाचू नका, एक बोट पेशंटच्या मनगटावर असू द्या. सुई खोटं बोलू शकते, नाडी नाही.

आणि सुई खोटं बोलायची ती मुख्यतः अर्थिंग नसल्यामुळे. खेड्यातल्या प्लगच्या तिसऱ्या भोकात बहुतेक वेळा काहीच नसायचं. मग घरातल्या विजेची थरथर पट्टीत उतरते आणि रेघ केसाळ येते. त्यावर आमचा उपाय ठरलेला – मशीनची एक जास्तीची वायर असते, तिचा चिमटा जवळच्या लोखंडी पाण्याच्या पाइपाला लावायचा. कुणाच्या घरी गेलं की मी पेशंटच्या आधी पाइप शोधायचे. लोकांना वाटायचं बाईंना तहान लागलीय.

तर जानेवारीतली गोष्ट. खानदेशची थंडी बाहेरच्यांना खरी वाटत नाही, पण त्या आठवड्यात केळीची पानं कडांनी काळी पडली होती. मी पहूरच्या दवाखान्यात नुकतीच येऊन बसले होते, तेवढ्यात ओळखीचे एक आबा आले. केळीवाले, गावाबाहेर बागेतच घर. माणूस तसा गमत्या, पण त्या दिवशी दारातच उभे राहिले.

"बाई, चाल बरं घरी. अक्काची छाती कालपासून धडधडू राहिली. रातभर बसून व्हती."

मी पेटी उचलली आणि त्यांच्या मोटरसायकलवर मागे बसले.

अक्का म्हणजे त्यांची बायको, साठीच्या पुढची. माहेर धुळ्याकडचं, लग्नाला चाळीसेक वर्षं झाली तरी अहिराणी सुटली नव्हती. पडवीत खाटेवर गोधडी गुंडाळून बसल्या होत्या. चेहऱ्यावर घाम नाही, दम नाही. प्रेशर ठीक. छाती ऐकली – स्वच्छ, एका तालात. शेजारी सून उभी होती, लता.

"काय होतंय अक्का?"

"छातीमा दोन दोन ठोका पडी ऱ्हायनात, बाई." त्या माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाल्या. "एक मना शे. एक मना नही."

एक माझा आहे, एक माझा नाही. मी हसले. पेशंट काय काय सांगतात... कुणाच्या पोटात बेडूक असतो, कुणाच्या डोक्यात मोटर चालू असते. म्हटलं, बघू कोणाचा आहे. खाटेच्या मागच्या भिंतीतून एक गंजका पाइप हातभर बाहेर आलेला होता, तोंडाला लाकडी बूच मारलेलं. मी कोणाला न विचारता अर्थिंगचा चिमटा त्यालाच लावला, अक्कांचे चिमटे लावले आणि मशीन चालू केलं.

रेघ छान स्वच्छ आली. आणि तिच्यावर दोन ठोके होते.

एक अक्कांचा – ठसठशीत, सारख्या अंतराने. आणि त्याच्या मधूनमधून, त्याला न जुमानता, दुसरा. लहान, पण पूर्ण – त्याचा त्याचा उंचवटा, त्याचं टोक, त्याची टेकडी. हार्ट ब्लॉक असता तर उंचवटे एकीकडे आणि टोकं एकीकडे दिसली असती. इथे दोन पूर्ण हृदयं एका कागदावर चालली होती. माझं बोट अक्कांच्या मनगटावर होतं. मोठ्या ठोक्याला नाडी लागत होती, लहान ठोक्याला बोटाखाली काहीच नव्हतं. सुई हलायची, मनगट गप्प.

मी चिमटे काढून पुसून परत लावले. मशीन बंद करून चालू केलं. दुसरा ठोका होताच. फक्त आता तो आधीपेक्षा अंतर ठेवून येत होता, आणि त्याच्या टोकाच्या उतरणीवर, पायथ्याशी, एक जास्तीचं टेंगूळ आलं होतं.

ते टेंगूळ मी ओळखलं. प्रत्यक्षात कधी पाहिलं नव्हतं, पण सरांनी पुस्तकातलं चित्र दाखवून वर्गात हसवलं होतं – हे बर्फाच्या देशातलं आहे, खानदेशात उन्हाने मरतात, तुम्हाला हे दिसणार नाही, परीक्षेपुरतं लक्षात ठेवा. शरीर आतपर्यंत गार पडलं की हृदयाच्या पट्टीवर ते येतं. जसजसं शरीर अजून गार पडतं, तसतसं टेंगूळ वाढतं आणि ठोके लांब लांब जातात. मग थांबतात.

अक्कांचा हात माझ्या हातात होता. चांगला गरम.

तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले. त्या कागदावर एक माणूस गार पडत चालला होता आणि तो त्या खोलीत नव्हता.

वडिलांचं आठवलं. कारण शोध. बाहेरचं काहीही पट्टीत शिरतं ते अर्थिंगच्या वाटेने, एवढं मला माहीत होतं.

"आबा, हा पाइप कुठे जातो?"

"तो? तो जुन्या इहिरीचा. ते बागेच्या पल्याडची. आता कोणी जात नाही तिकडे, बाभळी माजल्या. काहून?"

"पाणी आहे त्या विहिरीत?"

"असन छातीइतकं. बाई, अक्काचं काय ते सांग ना. पाइपाचं काय घेऊन बसली?"

एमबीबीएस झालेली बाई काय सांगणार – पाइपातून कोणाचं तरी हृदय ऐकू येतंय म्हणून? पण सुई चालू होती आणि दोन लहान ठोक्यांमधली जागा डोळ्यांदेखत वाढत होती.

"माणसं पाठवा तिकडे. दोर, खाट घेऊन. विहिरीत कोणीतरी आहे."

आबांनी माझ्याकडे असं बघितलं की पेशंट मीच आहे. "कोन असन? घरचे बठ्ठे इथीसा हाये. विलास काल धुळ्याले गेला मोटरीच्या कामाले, तिकडे त्याच्या साल्याकडे मुक्काम करणार व्हता. दुपारच्या गाडीने येईन."

विलास म्हणजे त्यांचा एकुलता मुलगा, लताचा नवरा. सुईची खरखर तेवढी चालू होती. आणि लता, जी आल्यापासून एक शब्द बोलली नव्हती, ती हळू आवाजात म्हणाली, "ते म्हणत व्हते का, जुन्या इहिरीतल्या पाइपाच्या बुडाचा फुटव्हॉल काढून नमुन्याले घेऊन जातो. तिकडून तसंच फाट्यावर जाईन म्हणे."

चप्पल न घालता आबा पडवीतून खाली उतरले आणि गड्यांना हाका मारत पळाले. लता त्यांच्या मागे. घरात मी, अक्का आणि ते मशीन.

मी ते बंद करू शकले नाही. खरंच सांगते, हात बटणापर्यंत गेला आणि वाटलं, मी बंद केलं आणि तिकडे तो थांबला तर? शिकलेल्या माणसाने करायचा विचार नाही हा, पण केला. कागद माझ्या पायाशी साचत होता. अक्कांचा ठोका... अक्कांचा ठोका... अक्कांचा ठोका... आणि मग कितीतरी वेळाने तो दुसरा, टेंगळासकट. प्रत्येक वेळी वाटायचं हा शेवटचा. अक्का मात्र डोळे मिटून बसल्या होत्या. मला एवढी भीती वाटत होती आणि ही बाई गोधडीत हात घालून छातीवर तळवा दाबून बसलेली, रडत्या पोराला थोपटतात तशी.

"शे ना?" त्यांनी विचारलं. डोळे न उघडता.

"आहे," मी म्हटलं.

"माले बी लागी ऱ्हायना." मलाही लागतोय.

मग तो आला नाही. मी वाट पाहिली. अक्कांचे ठोके पुढे पुढे चालले, मधली जागा सपाट. मी कागद ओढून जवळ घेतला, जसं काही जवळून बघितल्यावर दिसणार होतं. काही नाही. या बाईला आता मी काय सांगू, एवढंच डोक्यात.

अक्कांनी डोळे उघडले आणि हात छातीवरून काढला. "वर उना," त्या म्हणाल्या. वर आला.

आणि खरंच, बागेच्या पलीकडून आरडाओरडा ऐकू आला.

खाटेवर घालून आणला त्याला. आदल्या दिवशी विहिरीत उतरताना पायऱ्यांचा दगड निसटला होता, मांडीचं हाड मोडलेलं, रात्रभर छातीपर्यंत पाण्यात. दोन्ही हातांनी विहिरीतला पाइप मिठी मारून धरला होता. गडी म्हणाले, बोटं एक एक करून सोडवावी लागली. ओठ निळे, हाक मारली तर नुसत्या पापण्या हलायच्या. सगळे त्याला चोळायला, शेकोटीजवळ बसवायला धावले, आणि त्या दिवशी मी आवाज चढवला तो तेव्हा. गार पडलेलं हृदय अशा वेळी नाजूक असतं, हिसका बसला तरी बिघडतं. ओले कपडे कापून काढले, कोरड्या गोधड्यांत आडवाच गुंडाळला. केळी वाहायच्या टेम्पोत आडवा घालून जळगावला नेला, ड्रायव्हरला म्हटलं खड्डा दिसला की बैलगाडीसारखा चालव.

निघण्याआधी मी त्याची पट्टी काढली होती. हळू चाल, पायथ्याशी टेंगूळ. अक्कांच्या पट्टीवरचा लहान ठोका आणि हा – आकाराने मोठा, पण बाकी तोच. मी दोन्ही कागद एकमेकांवर धरून उजेडात बघितले. टोकावर टोक बसत होतं.

विलास वाचला. पाय थोडा आखूड झाला, एवढंच.

आता तुम्ही म्हणाल, मिळालं की कारण. त्याने पाइप धरलेला, बाईंचा चिमटा त्याच पाइपाला. मीही तेच म्हणत होते. हृदयाची वीज किती क्षीण असते आणि ती एवढ्या लांबून मातीतल्या लोखंडातून येणं शक्य नाही, हे मला कळत होतं. पण अशक्य असलं तरी निदान वाट तरी होती. त्या वाटेवर मी आठवडाभर नीट झोपले.

पुढच्या खेपेला पहूरला गेले तेव्हा अक्कांना बघून झाल्यावर आबांना म्हटलं, मला तो पाइप कसा जातो ते दाखवा. ते मला घराच्या मागे घेऊन गेले. भिंतीतून बाहेर आलेला पाइप खाली वळून जमिनीत शिरत होता. आबांनी तिथेच पायाने माती उकरली. हातभर खाली पाइप संपला होता. करवतीने कापलेलं तोंड, त्यात माती भरलेली.

"पुढे?"

"पुढे कुठी? विलासच्या लग्नात नवी लाइन टाकली, तवा जुनी बठ्ठी उपटून भंगारात देली. भिंतीतला तुकडा काढला असता त पडवीचा गिलावा पडला असता, म्हणून ऱ्हायला. अन् इहिरीत उतरतो कोन, म्हणून तिकडचा ऱ्हायला." ते माझ्याकडे बघत होते. "म्या त्या दिवशीच सांगणार व्हतो. पन तू म्हटलं इहिरीत कोणी हाये, अन् मंग लता बोलली..."

पडवीपासून त्या विहिरीपर्यंत सगळी केळीची बाग. लागणीसाठी ती जमीन किती वेळा नांगरलेली. मधे लोखंडाचा खिळा नव्हता. हातभराचा तुकडा अर्थिंगला पुरतो, म्हणून रेघ स्वच्छ आली, एवढंच त्या पाइपाचं काम. मी तिथेच बांधावर बसले. ऊन होतं, तरी मला गार वाटत होतं.

पडवीत परत आले तर अक्का शेंगा सोलत होत्या. माझं तोंड बघूनच त्यांना कळलं असावं.

"तू नयी धरीसन बठनी," त्या म्हणाल्या. तू पाइप धरून बसलीस. "मी तं तुले पयलेच सांगेल व्हतं. मनी छातीमा शे."

पट्टी घेऊन मी धुळ्याला सरांकडे गेले. काही सांगितलं नाही, नुसती समोर ठेवली. सरांनी चष्मा वर केला, बोट फिरवत गेले, आणि म्हणाले, "दोन हृदयं. बाई गरोदर आहे. कितवा महिना?" मग थांबले. "पण पोटातलं बाळ आईपेक्षा जलद चालतं. हे हळू आहे... आणि हे टेंगूळ कसलं?"

"सर, पेशंट साठीच्या पुढची आहे. तिचं बाळ तेव्हा बागेपलीकडे विहिरीत होतं. वय सव्वीस."

सरांनी पट्टीची घडी घालून माझ्या हातात दिली. "ही कुणाला दाखवू नकोस," म्हणाले, आणि चहा सांगितला. चहा येईपर्यंत आम्ही पावसापाण्याचं बोललो.

अक्का पुढे बरीच वर्षं होत्या. त्यांचे ईसीजी मीच काढायचे. विलास घरात असायचा, बागेत असायचा, पट्टीवर नेहमी एकच ठोका. शेवटी म्हातारपणाने गेल्या. माझ्याकडे कारण नव्हतं, अजूनही नाही. वडील असते तर त्यांनी विचारलं असतं, मग घाबरायचं की नाही ते ठरवलंस का? ठरवलंय. मी घाबरते.

त्या जानेवारीत माझा मुलगा तीन वर्षांचा होता. रात्री घरी आल्यावर मी त्याला उचलून पोटाशी धरलं होतं आणि तो झोपेत चिडून लाथा मारत होता. आता तो फार लांब राहतो, समुद्रापलीकडे. फोन करतो, नीट बोलतो, सगळं ठीक आहे म्हणतो. पोरं सगळं ठीक आहे असंच सांगतात. त्याला वाटतं मी स्वतःच्या हृदयाला घाबरते. माझं हृदय ठीक आहे हो, नसलं तरी त्याची काळजी नाही. मला चिमटे लावतील, सुई हलायला लागेल, कागद पुढे सरकेल... आणि माझ्या ठोक्यांच्या मधे काही दिसलं, तर त्याला वर काढायला मी कुठे माणसं पाठवू?

म्हणून या महिन्यातही मी टाळलं.